सूत्रधाराच्या हातातली पुस्तिका : अद्भुत भूमिकाखेळांतील छापील साहसांचा आढावा

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक पात्र घेतलेले असते : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी कुलपे उघडण्यात तरबेज चोर. एक जण सूत्रधार होतो. खेळणारे त्याला डीएम म्हणतात. समोर काय दिसते ते तो सांगतो, ‘आता तुम्ही काय करता?’ असे विचारतो, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. या खेळाला पन्नास वर्षे उलटली. सूत्रधाराने गोष्ट स्वतः रचावी की छापील पुस्तिका घ्यावी, आणि घ्यायची तर कोणती, हा वाद जवळजवळ तितकाच जुना आहे. त्या पुस्तिकेला खेळणारे मॉड्युल म्हणतात आणि ती ज्या जगात घडते त्याला सेटिंग. उत्तम कोणते आणि फसलेले कोणते, याबद्दलची मते आज कुठवर आली आहेत ते इथे पाहायचे आहे. मी पुसदला हा खेळ मराठीतून चालवतो. त्यामुळे काही कसोट्या इथल्या टेबलावर सुचलेल्या आहेत.

पुस्तिका कुठून आल्या

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. पेटीत नियमांच्या तीन पुस्तिका होत्या, पूर्ण साहस एकही नव्हते. ही मंडळी युद्धखेळांच्या छंदातून आलेली. नकाशा ज्याचा त्याने काढावा, हे त्यांना साहजिक वाटे. १९७५ मध्ये ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत आर्नेसनचे ‘टेम्पल ऑफ द फ्रॉग’ आले. छापील साहसांत ते पहिले मानले जाते. पुढच्याच वर्षी जजेस गिल्ड या छोट्या प्रकाशनाने ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ हे गल्ल्या-दुकानांसह आखलेले अख्खे शहर विकायला काढले, आणि तयार मालाला गिऱ्हाईक आहे हे दिसून आले. मूळ कंपनी टीएसआर स्वतंत्र मॉड्युले काढू लागली ती १९७८ पासून.

या सुरुवातीच्या पुस्तिकांपैकी बऱ्याच संमेलनांतल्या स्पर्धांसाठी रचलेल्या होत्या. अनेक गट तेच साहस एका ठरावीक वेळेत खेळत आणि कोण किती पुढे गेले यावर गुण मिळत. म्हणून खोल्या एकामागून एक, सापळे पुष्कळ, आणि बोलण्यापेक्षा मारामारी व कोडी जास्त. घरच्या टेबलावर महिनोन्‌महिने चालणाऱ्या खेळाची गरज वेगळी असते. जुन्या मॉड्युलांवर आज होणारी अर्धी टीका या जन्मकथेतून आलेली आहे, आणि ती करताना हे ध्यानात ठेवणे न्यायाचे होईल.

ठिकाण द्यावे की गोष्ट

सगळ्यात जुना आणि अजूनही न मिटलेला मतभेद इथे आहे. एक पक्ष म्हणतो, मॉड्युलने ठिकाण द्यावे : नकाशा, तिथली माणसे, त्यांचे हेतू, त्यांची भांडणे. पुढे काय घडते ते खेळणारे ठरवतील. दुसरा पक्ष म्हणतो, नुसते ठिकाण म्हणजे सामानाची यादी. माणसे टेबलावर गोष्टीसाठी येतात आणि गोष्टीला आरंभ, चढ आणि शेवट लागतो.

पहिल्या पक्षाचे आवडते उदाहरण म्हणजे गायगॅक्सचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. १९७९ च्या अखेरीपासून ते नवशिक्यांच्या पेटीतच मिळू लागले, म्हणून एका पिढीचे ते पहिले मॉड्युल. राज्याच्या सीमेवर एक गड, थोड्या अंतरावर दरीत गुहा, गुहांमध्ये वेगवेगळ्या टोळ्या, आणि त्या टोळ्यांचे आपसांत वैर. कुठल्या गुहेत आधी शिरायचे, कुणाला कुणाविरुद्ध भडकवायचे, की गडावरच्याच कुणावर संशय घ्यायचा, सगळे खेळणाऱ्यांच्या हाती. उणीव अशी की गडावरच्या माणसांना नावेच नाहीत. गडकरी, लोहार, पुजारी एवढेच. सूत्रधाराने ती भरावीत अशी अपेक्षा होती, पण नवशिक्याला तेच सर्वांत जड जाते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तिच्याकडे शेवटी येईन.

याच वळणाचे पण कितीतरी अधिक बारकाईने बांधलेले काम जेनेल जॅक्वेज यांचे. त्यांच्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ (१९७९) मध्ये जमिनीखालच्या अवशेषांत शिरायला एकापेक्षा जास्त वाटा आहेत, मजले आडवे-उभे जोडलेले आहेत, आणि भिंतींवर एकावर एक राजवटींचे थर दिसतात. आज नवे मॉड्युल लिहिणारा प्रत्येक जण नकाशाची रचना जॅक्वेज यांच्याकडून शिकतो असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा या मंडळींमध्ये जी हळहळ व्यक्त झाली ती सर्वस्वी योग्य होती.

दुसऱ्या पक्षाचा झेंडा ‘ड्रॅगनलान्स’. १९८४ पासून निघालेल्या या मॉड्युलांच्या मालिकेसोबत मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या आल्या आणि अफाट खपल्या. पात्रे तयार, त्यांची नातीगोती तयार, महायुद्धाचा पल्ला तयार. तोवर लुटीसाठी भुयारात उतरणाऱ्या खेळात प्रेम, निष्ठा, श्रद्धा हे विषय या मालिकेने आणले. हे ऋण तिचे विरोधकही मानतात. पण कादंबरीत जे घडले तेच टेबलावर घडावे यासाठी पुस्तिका वाटा बंद करत जाते. असे झाले की खेळणारे ‘रेलरोडिंग’ झाले म्हणून तक्रार करतात. या दोषाचे टोक १९८९ च्या ‘अवतार’ मालिकेत दिसते. देव पृथ्वीवर पडतात, मोठमोठ्या घटना घडतात, आणि त्या घडवतात कादंबरीतले नायक. खेळणाऱ्यांनी बाजूला उभे राहून पाहायचे. वाईट मॉड्युलांच्या याद्यांत ही मालिका अनेकदा असते आणि त्याबद्दल फारसे दुमत नाही.

दोन्ही पक्ष ज्याला मान देतात असे मॉड्युल म्हणजे ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचे ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३). भुयारातल्या एका खोलीत पिशाच्च विनाकारण उभे आहे, हे हिकमन यांना खटकले, आणि त्यांनी त्याला वाडा, भूतकाळ आणि इच्छा दिल्या. हा काउंट स्ट्राड काय साधायला निघाला आहे आणि त्याला मारण्याची साधने वाड्यात कुठे आहेत, हे पत्ते काढून ठरते. म्हणून दोनदा खेळले तरी गोष्ट बदलते. खलनायक शेवटच्या खोलीत वाट पाहत बसत नाही, तो स्वतः येतो. गोष्टही आहे आणि ठिकाणही. २०१६ मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ म्हणून ते नव्या रूपात आले, आणि त्यातल्या भटक्या विस्तानी लोकांचे चित्रण रोमा समाजाविषयीच्या जुन्या पूर्वग्रहांवर उभे आहे ही टीका मान्य करून खेळाच्या आजच्या कंपनीने २०२० मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या.

इंग्लंडमध्ये याच काळात तिसरी वाट निघाली. ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ (१९८६) मध्ये पात्र राजपुत्र असण्याऐवजी उंदीर पकडणारा किंवा नावाडी असू शकते. त्याच्या ‘द एनिमी विदिन’ या साखळीत ‘पॉवर बिहाइंड द थ्रोन’ (१९८८) हे एका शहराच्या जत्रेच्या दिवसांत घडते : दरबारातली माणसे, त्यांची वेळापत्रके, त्यांची गुपिते, आणि त्यांच्यापर्यंत पोचायची खेळणाऱ्यांची खटपट. साखळीचा शेवट फसला हे तिचे चाहतेही सांगतात, आणि अलीकडच्या आवृत्तीत तो नव्याने लिहिला गेला. तरी मला विचाराल तर या साखळीचे पहिले भाग आजवरच्या कामात सर्वांत वर बसतात, कारण त्यांतली माणसे कशावर जगतात हे लेखकांना ठाऊक आहे.

एकाच पुस्तिकेबद्दल दोन टोके

‘डंजन’ मासिकाने २००४ मध्ये तीस सर्वोत्तम साहसांची यादी छापली. पहिल्या क्रमांकावर गायगॅक्सच्या राक्षस-मालिकेपासून सुरू होणारा ‘क्वीन ऑफ द स्पायडर्स’ हा संग्रह, दुसऱ्यावर ‘रेव्हनलॉफ्ट’ आणि तिसऱ्यावर ‘टूम ऑफ हॉरर्स’. हे तिसरे नाव वाईटांच्या याद्यांतही हटकून सापडते.

गायगॅक्सने ते १९७५ च्या स्पर्धेसाठी रचले. छापून आले १९७८ मध्ये. थडग्यात लढाया जवळपास नाहीत, सापळे मात्र पावलोपावली, आणि बहुतेक सापळ्यांत चूक म्हणजे मृत्यू. हिरव्या सैतानी मुखवट्याच्या उघड्या तोंडात शिरणारा कायमचा नाहीसा होतो. समर्थक म्हणतात, ही खेळणाऱ्याच्या बुद्धीची परीक्षा आहे. पात्राचे बळ इथे कामाला येत नाही आणि ते आधीच सांगितलेले आहे. विरोधक म्हणतात, धोक्याचा माग देणारी खूण नसेल तर ती परीक्षा उरत नाही, सूत्रधाराने केलेली शिक्षा होते. मला वाटते दोघे दोन वेगळ्या टेबलांविषयी बोलत आहेत. एका रात्रीसाठी, पात्र गमावण्याची तयारी ठेवून बसलेल्यांना ते थडगे विलक्षण आहे. वर्षभर जपलेले पात्र घेऊन येणाऱ्यापुढे ते ठेवू नये.

ज्यांच्यावर फारसा वाद नाही अशी फसलेली कामेही आहेत. ‘द फॉरेस्ट ऑरॅकल’ (१९८४) हे त्यातल्या वर्णनांमुळे बदनाम झाले : चौकटीत छापलेला, मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर इतका गोंधळलेला की ऐकणाऱ्याला समोर नक्की काय आहे ते कळत नाही. ‘कॅसल ग्रेहॉक’ (१९८८) चे दुःख निराळे. गायगॅक्सच्या मूळ किल्ल्याची लोक दहा-बारा वर्षे वाट पाहत होते. गायगॅक्स कंपनीतून बाहेर पडल्यावर त्या नावाने विनोदी विडंबनांचा संग्रह आला. ‘होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन’ (२०१४) हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे नियम पक्के होत असतानाच लिहिले गेले, त्यामुळे लढायांचा तोल सुटला, आणि ड्रॅगनने हल्ला केलेल्या गावात नवखी पात्रे घुसतीलच हे गृहीत धरले गेले. त्याच वर्षीचे ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ मात्र नवशिक्या सूत्रधाराला मी डोळे मिटून सुचवेन : छोटे गाव, चार-पाच अडचणी, आणि कुठली आधी घ्यायची याचे स्वातंत्र्य.

वाचून दाखवायच्या मजकुराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. इंग्रजी टेबलावर तो रुचीचा प्रश्न आहे. पुसदच्या टेबलावर तो कामाचा प्रश्न होतो, कारण अर्ध्या पानाचे अलंकृत वर्णन सूत्रधाराला तिथल्या तिथे वऱ्हाडी बोलीत सांगायचे असते. ते वर्णन पहिल्या दोन वाक्यांतच गळून पडते. टिकतात ती माणसांची नावे, कोण कुणाला घाबरतो, दार कुठे उघडते, आणि तेलाचा वास कुठून येतो. गेल्या काही वर्षांत छोट्या प्रकाशकांनी खोलीमागे चार ओळींची टिपणे देण्याची पद्धत रूढ केली आहे. मराठी सूत्रधाराला ती फार सोयीची पडते.

जगे : भरलेली, विचित्र आणि ओसाड

सेटिंगांचा वाद याच वळणाने जातो. एका टोकाला कॅनडाचे एड ग्रीनवुड यांचे ‘फरगॉटन रेल्म्स’. लहानपणापासून मनात वाढवलेले हे जग १९८७ मध्ये छापले गेले आणि आज सर्वांत जास्त खेळले जाते. प्रत्येक खेड्याला इतिहास आहे, ही त्याची ताकद. जिथे जावे तिथे कादंबरीतला महापुरुष आधीच हजर आहे, ही त्याची अडचण. शिवाय नियमांची आवृत्ती बदलली की जगावर संकट कोसळते. २००८ मध्ये तर कथाकाळ शंभर वर्षे पुढे ढकलला गेला आणि जुने खेळाडू दुखावले.

दुसऱ्या टोकाला ‘डार्क सन’ (१९९१). ओसाड झालेली भूमी, लोखंड दुर्मीळ, पाणी त्याहून. आणि बेपर्वाईने जादू वापरली की भोवतालची झाडे मरतात. बाकीच्या जगांत जादू फुकट असते, इथे तिची किंमत जमीन मोजते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेळाडूला हे जग समजावून सांगावे लागत नाही. एका कल्पनेवर उभे राहून शेवटपर्यंत तिच्याशी प्रामाणिक राहिलेले, म्हणून माझ्या लेखी ते टीएसआरचे सर्वोत्तम. त्यात गुलामगिरी सर्वत्र आहे, आणि कदाचित म्हणूनच पाचव्या आवृत्तीच्या पहिल्या दहा वर्षांत आजच्या कंपनीने ते पुन्हा काढले नाही. अन्याय दाखवणे म्हणजे त्याला मान्यता देणे का, हा प्रश्न तिथे तसाच आहे.

कीथ बेकर यांचे ‘एबेरॉन’ २००२ च्या खुल्या स्पर्धेत अकरा हजारांवर प्रस्तावांतून निवडले गेले. महायुद्ध संपल्यानंतरची थकलेली राष्ट्रे आणि जादूवर धावणाऱ्या आगगाड्या ही त्याची भूमी. ग्रेग स्टॅफर्ड यांचे ‘ग्लोरँथा’ पुराणकथा आणि विधी यांना केंद्रात ठेवते. आपल्या यात्रा-जत्रांच्या मुलुखात ते सहज पोचावे.

आणि मग ‘टेकुमेल’. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषयांचे प्राध्यापक होते. युरोपच्या मध्ययुगाचा ठसा नसलेले, स्वतःच्या भाषा आणि लिप्या असलेले त्यांचे जग १९७५ मध्ये आले, आणि जाणकार त्याला या क्षेत्रातले सर्वांत मौलिक काम मानत आले. २०२२ मध्ये टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच मान्य केले की बार्कर यांनी १९९१ मध्ये टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती. काहींनी ते जग कायमचे बंद केले, काहींच्या मते जग आणि कर्ता वेगळे ठेवता येतात. मी दुसऱ्या मताकडे झुकत नाही, पण ज्यांची तारुण्याची वर्षे त्या जगात गेली त्यांची अडचण खरी आहे.

या पुस्तकांतला भारत

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस आहे, पण तो वाघाच्या तोंडाचा, आणि मंत्रवलेल्या बाणाने मरतो. हे रूप रामायणापेक्षा १९७४ च्या एका अमेरिकी भयमालिकेच्या अधिक जवळचे आहे. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, वरुण, यम आणि काली यांना इतर कुठल्याही शत्रूप्रमाणे जखमा सोसायचे आकडे दिलेले आहेत. २००१ चे ‘महासर्प’, २०१३ चे ‘अ‍ॅरोज ऑफ इंद्र’, ‘पाथफाइंडर’मधला वुद्रा देश ही पुढची पावले अधिक अभ्यासाची, तरी त्यांत वेद, महाभारत, राजपूत किल्ले आणि केरळची शस्त्रविद्या एकाच पातेल्यात शिजते. बाहेरच्या वाचकाला त्यातून दार उघडते, हे त्यांच्या बाजूने म्हणता येते. आपल्याला मात्र त्यात कुठलेच गाव ओळखू येत नाही.

फरक पडला तो २०२२ च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये. त्यातले ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्ष’ हे साहस मिमी मोंडल यांचे, आणि शंखभूमी हा त्यांचा प्रदेश सरळ बंगालच्या नद्या-खाड्यांतून आला आहे. अख्खा भारत एका पुस्तकात बसवण्याऐवजी एक प्रांत नीट पाहिला, हे त्याचे बळ. त्यावरची टीका रचनेची आहे : पाने थोडी आणि जग मोठे.

पैनगंगेच्या दोन काठांवर

मराठीत कच्चा माल किती आहे हे सांगायला नको. गुणाढ्याची बृहत्कथा परंपरेने पैठणच्या सातवाहनांशी जोडलेली. ‘कथासरित्सागरा’त वेताळ शिरलेले प्रेत वाहणारा राजाही गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. त्या वेताळकथांपैकी जवळजवळ प्रत्येकीच्या शेवटी राजापुढे निर्णय ठेवला जातो आणि तो घेतल्यावाचून सुटका नसते. चांगल्या मॉड्युलकडून तेवढेच हवे असते.

मला अधिक जवळचा वाटतो तो इथला भूगोल. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पैनगंगेच्या या काठावर इंग्रजी अंमल, त्या काठावर १९४८ पर्यंत निजामाचा. सीमेवरचा गड कल्पायला दूर जावे लागत नाही. पलीकडे माहूरचा किल्ला, जिथल्या देशमुखीण रायबागन १६६१ च्या उंबरखिंडीत मोगलांच्या बाजूने होत्या. निजामाविरुद्ध उठलेले हटकर नौसाजी नाईक, ज्यांच्या नोव्हाच्या गढीला १८१९ मध्ये वेढा पडला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन लढणाऱ्या दोन्ही फौजांना रसद पुरवणारे लमाणांचे तांडे. रानात कोलामांचे पोड. प्रत्येकाला काही हवे आहे, प्रत्येकाला कुणाची तरी भीती आहे.

पण इथेच ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ची ती दुसरी उणीव समोर येते. गुहांमधल्या टोळ्यांत बायका आणि मुलेही नोंदलेली आहेत, आणि त्या जमाती जन्मतःच दुष्ट मानलेल्या आहेत. त्यांचे काय करायचे यावर खेळणारे चाळीस वर्षे भांडत आले. २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की ऑर्क किंवा ड्राउ यांसारख्या जमातींना जन्माने दुष्ट ठरवणे थांबवू. जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना हा अतिरेक वाटतो. काल्पनिक राक्षसाला खऱ्या माणसाचे माप लावू नये, असे ते म्हणतात. तो युक्तिवाद अमेरिकेत कसा दिसतो ते असो. १८७१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवले, आणि तो शिक्का कागदावरून १९५२ मध्ये गेला. त्या समाजांतली मुले आज त्याच टेबलावर फासे टाकू शकतात. गडावर आपण आणि गुहेत ते, ही मांडणी इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही. टोळ्यांना हेतू, पुढारी आणि तक्रारी दिल्या तर खेळ सौम्य होतो असाही अनुभव नाही. उलट वाटाघाटीची रात्र लढाईपेक्षा जास्त रंगते.

मराठीत असे साहस लिहायचे तर नियमांची अडचण आता राहिलेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये परवान्यावरून मोठा वाद झाल्यानंतर पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले. श्रेय देऊन ते कुणालाही मराठीत आणता, छापता आणि विकता येतात. मतभेद उरतो तो खऱ्या नावांचा. एका बाजूचे म्हणणे, रेणुका, दत्त, सेवालाल महाराज ही जिवंत श्रद्धास्थाने आहेत, त्यांना खेळात आणू नये, आणि नौसाजींसारख्यांचे वंशजही आहेत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, नावे पुसली की पुन्हा तेच कुठलेच नसलेले गाव हाती येते. मी सध्या देवस्थाने नकाशावर ठेवतो पण देवांना आकडे देत नाही, आणि इतिहासातली माणसे पात्रांच्या आजोबांच्या पिढीत ढकलतो. त्यांच्याबद्दल टेबलावर बोलले जाते, त्यांना कुणी मारायला जात नाही. याहून चांगली सोय दुसऱ्या कुणा सूत्रधाराने केली असेल तर ती लिहून छापली जावी.